रंग सगळ्यात शेवटी: उन्हाळी मिशन ट्रिपमध्ये चर्चची इमारत कशी दुरुस्त करावी

मिशन ट्रिपवर, म्हणजे सेवेसाठी काढलेल्या प्रवासावर, चर्चची इमारत दुरुस्त करायला निघालेल्या गटाला विचारलं, तिथे जाऊन काय करणार, तर पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "रंग देणार." रंगकाम आपल्याला जमेल असं प्रत्येकाला वाटतं. एका दिवसात फरक दिसतो, फोटो छान येतात. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच भिंतीवर पोपडे धरलेले असतात, कारण ज्या फुटक्या पन्हळीतून पाणी भिंतीत मुरत होतं तिला कुणी हातच लावलेला नसतो. अशा गटांबरोबर मी बरीच वर्षं जातो आहे. पहिल्या खेपेला आम्हीही रंगच दिला. तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मनापासून आभार मानले, आणि वर्षभराने त्यांनाच ती भिंत पुन्हा खरवडावी लागली. त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून एक क्रम पक्का धरा. आधी माणसांची सुरक्षितता, मग पाणी, मग भिंती आणि लाकूड, आणि रंग सगळ्यात शेवटी. दिवस कमी पडले तर रंग राहिला तरी चालेल. उघडं पडलेलं छप्पर मागे ठेवून निघता येत नाही.

तीन महिने आधी: पाहणी

यरुशलेमेचा तट बांधायला बायबलमधला नहेम्या आला, तेव्हा त्याने लगेच लोकांना कामाला लावलं नाही. मोजकी माणसं बरोबर घेऊन रात्री पडक्या तटाची फेरी मारली, कुठे काय ढासळलं आहे ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मग तोंड उघडलं. ते काम ५२ दिवसांत पुरं झालं. तुमच्या हातात बहुधा १० ते १४ दिवस असतील, म्हणजे पाहणी तुम्हाला जास्तच गरजेची आहे.

गट जाण्याच्या निदान तीन महिने आधी दोन माणसांनी तिथे जाऊन यावं. त्यातल्या एकाला बांधकामातलं कळत असलं पाहिजे. पाळकांना आणि चर्चच्या कमिटीला भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका. चर्च उघडणारा, झाडणारा, घंटा वाजवणारा माणूस गाठा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: "पाऊस आला की बादली कुठे ठेवता?" इमारतीचं निम्मं दुखणं या एका उत्तरात कळतं.

मग वरून खाली या. छप्पर, पन्हळी, खाली उतरणारे नळ, भिंतींचे माथे, खिडक्या, जोतं, आणि शेवटी भिंतीलगतची जमीन. पाणी याच वाटेने येतं, तुम्हीही त्याच वाटेने पाहा. प्रत्येक फोटोत मोजमापाची टेप दिसू द्या, नाहीतर घरी आल्यावर कुठली भेग किती मोठी होती ते आठवत नाही.

दोन चाचण्या तिथल्या तिथे करून ठेवा. पहिली ओलीची. भिंतीवर साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि २४ तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवण्याचा प्रश्न आहे. दुसरी चाचणी भेगांची. भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावा, त्यावर तारीख लिहा आणि कुणाला तरी दर पंधरा दिवसांनी पाहायला सांगा. तीन महिन्यांत पट्ट्याला तडा गेला तर भेग अजून हलते आहे, आणि हलणारी भेग बुजवणं म्हणजे दुखणं झाकणं.

परवानगीचं काम याच फेरीत सुरू करा. जागा आणि इमारत कुणाच्या नावावर आहे, वारसा वास्तूंच्या यादीत ती आहे का, स्थानिक प्रशासनाची लेखी मंजुरी लागते का, हे सगळं कागदावर असू द्या. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी आंतरराष्ट्रीय सनद मान्य झाली, तिच्यातली दोन तत्त्वं छोट्याशा चर्चलाही लागू पडतात. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवायची. आणि नवा भाग जुन्याशी सुसंगत दिसावा, पण नीट पाहणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखू यावं.

कोणतं काम आपलं नाही

ही यादी निघण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवा, कारण उत्साहाच्या भरात हीच कामं आधी हाती घेतली जातात.

५ मिलिमीटरहून रुंद किंवा वाढणारी भेग, वाकलेली कैची (छपराला आधार देणारा त्रिकोणी सांगाडा), कुजलेली तुळई: ही स्ट्रक्चरल इंजिनिअरची कामं. विजेची जोडणी: परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. घंटाघर आणि खुद्द घंटा: जाणकार माणसाने पाहिल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही. रंगीत काचांच्या खिडक्या: शिशाच्या पट्ट्या फुगलेल्या असतील किंवा काचेवर हाताने काढलेलं चित्र असेल, तर ओलं फडकंसुद्धा लावायचं नाही, कारण रंग सुटून येऊ शकतो. भिंतीवर जुनी चित्रं किंवा अक्षरं असतील तर त्यांना स्पर्श नको.

ॲस्बेस्टॉसबद्दल जरा जास्त सांगतो. जुने सिमेंटचे पत्रे, काही जुन्या फरशा, पाइपांवरचं वेष्टण यांत ते असू शकतं, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतच कळतं. अखंड असलेला पत्रा आहे तसा राहू दिला तर धोका कमी असतो. तो फोडला, कापला किंवा त्यात भोक पाडलं की तंतू हवेत उडतात. असे पत्रे ठिसूळही असतात, वर पाय ठेवणारा माणूस सरळ खाली येतो. शंका आली की त्या भागाला दोरी लावून बंद करा आणि कमिटीला लेखी कळवा. तेवढंच तुमचं काम.

माळ्यावर वटवाघळं किंवा पक्ष्यांची घरटी दिसली तरी थांबा. अनेक देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि उन्हाळा हा पिलांचा काळ असतो.

यादी छाटणं आणि गट बांधणं

पाहणीतून निघालेली यादी नेहमीच मोठी असते. ती मंडळीसमोर ठेवा आणि त्यांनाच विचारा की यातलं आधी काय. आपल्याला वेदीमागची भिंत खटकते, त्यांना कदाचित म्हाताऱ्या माणसांना चढता न येणारी पायरी खटकत असते. इमारत त्यांची आहे, आपण दोन आठवड्यांचे पाहुणे आहोत.

वेळ मोजताना कसलेला गवंडी एखाद्या कामाला जितके दिवस सांगेल त्याच्या दुप्पट धरा. एकूण दिवसांतले दोन दिवस आवराआवरीला बाजूला काढा. उरलेल्या दिवसांत जे पूर्ण होईल तेवढंच यादीत ठेवा. अर्धवट सोडलेली तीन कामं मंडळीच्या गळ्यात पडतात; पुरं केलेलं एक त्यांना उभं करतं.

जवळपासचे गवंडी, सुतार, कौलारू काम करणारे यांना रीतसर मजुरी देऊन बरोबर घ्या. काही गटांना वाटतं की सेवेच्या कामात पैसे कशाला द्यायचे. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधल्या योवाश राजाच्या काळात यरुशलेमेच्या मंदिराच्या दुरुस्तीसाठी पेटीत जमलेला पैसा सुतारांना, गवंड्यांना, पाथरवटांना दिला गेला, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आपण फुकट काम करून तिथल्या कारागिराचा रोजगार हिरावू नये. शिवाय पुढच्या वर्षी काही बिघडलं तर हाकेच्या अंतरावर तोच असणार आहे.

गट १२ ते १६ जणांचा असावा. चौघांची एक तुकडी, प्रत्येक तुकडीला एक जबाबदार माणूस. १८ वर्षांखालच्या मुलांना परांचीवर, छपरावर आणि विजेच्या यंत्रांवर काम द्यायचं नाही. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि कुठल्याही मुलाबरोबर एकटा एकच मोठा माणूस कधी राहणार नाही हा नियम ठेवा, तुमच्या गटातल्या मुलांसाठी आणि तिथल्या मुलांसाठीही. निघण्याआधी प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या लशीची तारीख पाहा. १० वर्षं उलटली असतील तर डोस घ्यायचा. विमा, औषधांची ॲलर्जी, घरच्यांचा फोन नंबर हे एका वहीत लिहा आणि ती वही कामाच्या जागीच ठेवा.

साहित्याचा हिशेब

रंगाचा हिशेब बहुतेक जण नजरेने करतात, आणि मग शेवटच्या भिंतीला वेगळ्या छटेचा डबा येतो. सोपं उदाहरण घ्या. सभागृह १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, भिंत ५ मीटर उंच. चारी भिंतींची लांबी ४६ मीटर, क्षेत्रफळ २३० चौरस मीटर. दारं-खिडक्यांचे ३० वजा केले की २०० उरतात. रंगाचे दोन हात (थर) म्हणजे ४००. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो असं धरलं तर ४० लिटर, वर दहा टक्के सोडून ४४. खडबडीत किंवा कोऱ्या गिलाव्याला याहून बरंच जास्त लागतं. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, किंवा मोठ्या पिंपात एकत्र ढवळा.

वाळू खारी नको, म्हणजे समुद्रकाठची नको. चष्मे, हातमोजे, धुळीचे मास्क माणसागणिक घ्या. पाच जणांत एक चष्मा हा बचत नसून डोळ्याशी केलेला जुगार आहे.

ऊन आणि उंची

पहाटे सुरू करा, दुपारी उन्हाच्या भरात सावलीतली कामं घ्या: बाकं, खिडक्यांच्या चौकटी, साहित्य आवरणं. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो. अंगमेहनतीची सवय नसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण दिवसाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढंच काम करावं आणि रोज थोडं वाढवावं. पहिल्या दिवशीचा जोश दुसऱ्या दिवशी माणसाला आडवं करतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दवाखान्याला फोन करा. तो एकटा जाऊन पडेल असं होऊ देऊ नका.

शिडीचा नियम चारास एक. शिडी जिथे टेकते ती जागा ४ मीटर उंच असेल तर पायथा भिंतीपासून १ मीटर. वर पाऊल ठेवायचं असेल तर शिडीचं टोक त्या जागेच्या वर एक मीटर निघालेलं हवं. दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय, सतत शिडीला लागलेले असले पाहिजेत; म्हणजे बादली हातात धरून चढणं बंद, ती दोरीने ओढा. एका जागी अर्ध्या तासाहून जास्त काम असेल तर शिडी सोडा, परांची उभारा, आणि ती जाणकाराकडूनच बांधून घ्या. चाकांची परांची हलवताना वर कुणीही नको.

छपरावर स्वयंसेवकांनी चढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली कामं पुष्कळ असतात: कौलं उतरवून घेणं, फुटकी-धड वेगळी करणं, घासून धुणं, हातोहात वर पोचवणं. वर चढायचं ते कारागिराने, पट्टा बांधून.

पाणी

मन लावून करायचं काम हेच. जुन्या इमारतीची बहुतेक दुखणी पाण्याची असतात, आणि त्यांतली बरीचशी अवजड यंत्राशिवाय, कष्टाने बरी होतात. दोन आठवडे आणि डझनभर हात यांच्यासाठी याहून योग्य काम नाही.

पन्हळीपासून सुरुवात करा. पाला, माती, घरट्यांचा कचरा हाताने काढा, मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि खाली उभे राहून पाहा. पाणी मध्येच साचलं तर उतार चुकला आहे. दर २ ते ३ मीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार हवा. सांध्यातून थेंब पडला तर तिथे भिंतीवर शेवाळाचा पट्टा आधीच दिसत असेल. खाली येणारा नळ भिंतीच्या पायथ्याशीच पाणी सोडत असेल तर त्याला पुढे वाट करून द्या, निदान दीड-दोन मीटर लांब. हे एवढं काम नीट झालं, तर पुढच्या दोन भिंती आपोआप सुकायला लागतात.

मग जमीन. वर्षानुवर्षं माती, फुलझाडांचे वाफे, नंतर घातलेली फरसबंदी यांनी बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला किंवा वर आलेली असते. ती माती उपसून बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या १५ ते २० सेंटिमीटर खाली न्या, आणि भिंतीपासून दूर उतार द्या: पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर पुरे. हे करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाया उघडा पडेल इतकं खोल खणू नका. आणि जुन्या चर्चच्या आवारात भिंतीच्या अगदी जवळही कबरी असू शकतात. हाडं, नक्षीचा दगड, शवपेटीची लाकडं लागली की फावडं खाली ठेवायचं आणि पाळकांना बोलवायचं. तिथे कुणाची तरी माणसं झोपली आहेत.

भिंतीतून उगवलेली झाडं ओढून काढू नका. मूळ दगडांमध्ये फिरलेलं असतं, ओढलं की दगड बाहेर येतो. बुंधा कापा, मूळ मरू द्या आणि मग ती जागा भरा.

भिंती: चुना की सिमेंट

आधी ओळखा की तुमच्यासमोर कोणती भिंत आहे. दरजांतला, म्हणजे विटा-दगडांमधल्या सांध्यांतला, माल खिळ्याने खरवडून पाहा. पांढुरका, मऊ, मध्येच पांढऱ्या गुठळ्या असलेला माल चुन्याचा. करडा, खिळ्याला दाद न देणारा सिमेंटचा. बऱ्याच जुन्या चर्चमध्ये दोन्ही सापडतात: मूळ भिंत चुन्याची, आणि मधल्या काळात कुणीतरी चांगल्या हेतूने थापलेलं सिमेंट.

चुन्यात बांधलेल्या भिंतीत ओल येते आणि दरजांमधून बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती वाट बंद होते. ओल मग दगडातून किंवा विटेतून वाट काढते, बरोबर क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहराच गळून पडतो. सांध्यातला माल नेहमी विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा कमजोर असावा. झीज झालीच तर ती सांध्याची व्हावी, कारण सांधा पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा भाजता येत नाही.

दरजा भरायची पद्धत अशी. सुटा झालेला माल छिन्नी-हातोडीने, हाताने काढा. ग्राइंडर लावला की विटेच्या कडा जातात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान अडीच सेंटिमीटर. धूळ ब्रशने काढा, भिंत पाण्याने भिजवा. एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ वाळू असा माल घट्टसर मळा, आत दाबून भरा आणि विटेच्या कडेच्या किंचित आत ठेवा. माल थोडा आवळला की ताठ ब्रशने ठोका. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि ते काम सावकाश चालतं. उन्हाळ्यात मोठा धोका असतो तो वेगाने सुकण्याचा. सुकलेला चुना नुसती पावडर होतो. म्हणून उन्हाची भिंत उन्हात घेऊ नका, सावलीमागोमाग इमारतीभोवती फिरत काम करा. भरलेल्या भागावर ओली गोणपाटं टांगा आणि निदान आठवडाभर ती ओली ठेवा. गट परत निघण्याच्या आदल्या दिवशी चुन्याचं काम करणं म्हणजे ते वाया घालवणं. पाणी मारायला पुढे कोण आहे हे आधी ठरवा.

चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. चष्म्याशिवाय मालाजवळ कुणी जायचं नाही. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटं सतत धुवा आणि डॉक्टरकडे न्या. पाण्याची भरलेली बाटली हाताशी असली पाहिजे, पन्नास पावलांवर नको.

सिमेंटचा जुना गिलावा काढायचा का? तो स्वतःहून सुटला असेल, टिचकी मारल्यावर पोकळ वाजत असेल, तर काढा. घट्ट धरलेला असेल तर दगडाचा पापुद्रा घेऊनच निघेल. तो राहू द्या.

जुना रंग आणि शिसं

जुन्या इमारतींच्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता दाट असते. अमेरिकेत घरांसाठी अशा रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीचा रंग शिशाचाच समजून वागावं असा तिथला सावध नियम आहे. कुठेही काम करत असलात तरी जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगाबद्दल असंच वागा किंवा आधी चाचणी करून घ्या. आढळलं, तर कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही आणि ज्योतीने रंग जाळायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पृष्ठभागावर पाणी फवारा, ओलाच खरवडा आणि पोपडे पिशवीत बांधा. मास्क बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला नीट बसणारा हवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी हात आणि तोंड धुवा, ते कपडे घालून मुक्कामी जाऊ नका. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया त्या भागात नकोत. घट्ट बसलेला रंग खरवडण्याची गरजही नसते. त्यावर नवा हात दिला की शिसं खाली बंद राहतं.

ओलं खरवडताना जवळ विजेचा बोर्ड असेल तर मेन स्विच बंद करा, आणि बंद आहे याची खात्री करा. विजेची यंत्रं ३० मिलिअँपिअरच्या, विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरूनच चालवा.

लाकूड, खिडक्या, बाकं

टोकदार स्क्रूड्रायव्हर लाकडात दाबून पाहा. सहज आत गेला तर कूज, नाही गेला तर नुसता जुना रंग. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा जोडा. सुताराचं काम आहे, पण शिकण्यासारखं आहे, एका मुलाला शेजारी बसवा. खिडक्यांच्या काचा धरून ठेवणारी जुनी लांबी (पुट्टी) निघाली असेल तर खाचेला आधी प्रायमर द्या, मग अळशीच्या तेलाची लांबी भरा. तिच्यावर साय धरायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हे काम पहिल्या दिवसांत घ्या.

अळशीच्या तेलात बुडालेली फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपली आपण तापतात आणि पेट घेतात. बाहेर उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

बाकं हलवण्याआधी प्रत्येकावर चिठ्ठीने नंबर लावा आणि जागेचा फोटो घ्या. एखादी आजी तीस-चाळीस वर्षं त्याच बाकावर बसत असते, ते बाक दुसरीकडे गेलं तर तिला कळतं. जुनं पॉलिश तासून नवं चकचकीत करण्याचा मोह टाळा. सौम्य साबणाचं घट्ट पिळलेलं फडकं आणि कोरडं पुसणं एवढ्याने बाक बहुतेक वेळा उजळतं. सुटलेले सांधे सरसाने जोडा, खिळे ठोकू नका. स्मृतिफलक घासू नका.

बाप्तिस्म्याची आणि विवाहाची रजिस्टरं, वेदीवरची वस्त्रं, वाद्यं धूळ सुरू होण्याआधी दुसऱ्या खोलीत हलवा, आणि कुणी काय कुठे ठेवलं ते लिहून त्यावर कमिटीतल्या एकाची सही घ्या.

रंग

आता रंग, वेळ उरला असेल तर. नव्या सिमेंट गिलाव्याला रंगाआधी निदान २८ दिवस द्या, म्हणजे या ट्रिपमध्ये त्याला रंग नाही. चुन्याच्या भिंतीला प्लास्टिकसारखा बंद थर देणारा रंग नको. चुन्याची सफेदी द्या, दुधाइतकी पातळ, भिंत ओली करून, एक दिवसाआड तीन ते पाच हात. ओली असताना ती जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर उमटते. नव्या माणसाला वाटतं चुकलं, आणि तो जाड थर देतो, जो पुढे खपल्या होऊन पडतो. छत आधी, भिंती नंतर, लाकूड शेवटी.

रविवार आणि शेवटचे दोन दिवस

काम चालू असतानाही रविवारची उपासना झाली पाहिजे. शनिवारी दुपारी हत्यारं खाली ठेवा, मधली वाट मोकळी करा, परांचीला अडसर लावा. इमारत अर्धी उघडी असताना तिथे गायलेलं गीत गटाला जे देतं, ते मी शब्दांत मांडू शकत नाही. मंडळीतल्या तरुणांना आणि स्त्रियांना पहिल्या दिवसापासून कामात घ्या. पाहुण्यांनी करायचं आणि घरच्यांनी पाहत राहायचं, हे दोघांसाठीही बरं नाही.

शेवटचे दोन दिवस नवं काहीही सुरू करू नका. कचरा, उरलेले डबे, हत्यारं यांची यादी करा; हत्यारं शक्यतो तिथेच ठेवा. एक वही करा आणि तिच्यात कामाच्या ठिकाणांचे फोटो, मालाचं प्रमाण, रंगाचा नंबर, कोणत्या कारागिराने काय केलं, कोणतं काम राहिलं आणि का, हे तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत लिहा. भेगांवरचे तारखेचे पट्टे कुठे आहेत तेही लिहा. मग वहीची पानं उलटत पाळकांबरोबर आणि त्या घंटा वाजवणाऱ्या माणसाबरोबर पूर्ण इमारतीभोवती एक फेरी मारा. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची हे सांगा, आणि ती कशी करायची ते त्यांच्याकडून एकदा करून घ्या.

परत आल्यावर तिथल्या हवामानाकडे लक्ष ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी फोन करा आणि तोच जुना प्रश्न विचारा, बादली कुठे ठेवावी लागली का.